पैसा चालते, कागद नाई!

बाळापूरच्या किल्ल्याजवळ नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. आमेरचा राजा, मोगलांच्या कामावर दख्खनेत निघालेला. त्याला बाळापुरात जागा मिळाली आणि तीही नदीकाठची, हवेशीर. त्याला कोणी आडनाव विचारल्याची नोंद इतिहासात नाही. आज त्याच बाळापूरचं पोट्टं पंचवीसेक किलोमीटरवरच्या अकोल्यात शिकायला जातं, तर त्याला दहा बाय दहाची खोली मिळता मिळत नाही.

चुकलं. खोली मिळते. कागद मिळत नाही.

कागद कशाला? तर सरकारी योजनेला. शासकीय वसतिगृहात जागा अपुऱ्या पडतात. अपुऱ्या पडल्या तर वसतिगृहं बांधावीत, हा आपला अडाणी हिशेब. सरकारचा हिशेब वेगळा. ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यानं गावात खोली पाहावी, खानावळ लावावी, पैसे आम्ही खात्यात टाकतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच सुमारास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आली. ओबीसींसाठी 2023 च्या शेवटी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. कल्पना वाईट नाही. वाईट आहे तो तिच्या पायात घातलेला खोडा.

आधी आकडे पाहून घ्या. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये. अमरावतीसारख्या विभागाच्या ठिकाणी 51,000. जिल्ह्याच्या गावी 43,000. तालुक्याला 38,000. यातला मोठा वाटा जेवणाचा. निव्वळ राहण्यापोटी मोठ्या शहरात 20,000, विभागाच्या गावी 15,000, जिल्ह्याला 12,000 आणि तालुक्याला 10,000. हे महिन्याचं भाडं नव्हे बरं, वर्षाचं! जिल्ह्याच्या दरानं महिना एक हजार रुपये पडतो. मुंबईत वीस हजारांत वर्षभर काय भाड्यानं मिळतं ते एखाद्या मुंबईकरानं जरूर कळवावं. आमच्याकडे हजारात सायकल ठेवायला आडोसा मिळतो. पहिली योजना आली तेव्हा ठरलेले मोठ्या शहरांचे, विभागाचे आणि जिल्ह्याचे आकडे, सात वर्षांनी ओबीसींची योजना निघाली तेव्हाही तेच होते. मधल्या काळात महागाई बहुतेक सुटीवर गेली असावी.

असो. हजार तर हजार, बाकीचे बाप घालतो. आता खोली.

जून-जुलैत तोष्णीवाल लेआऊटपासून गोरक्षण रोडपर्यंत एक चक्कर मारा. गेटागेटावर पाट्या असतात. ‘फक्त मुलींसाठी’. ‘फक्त शाकाहारी’. ‘फक्त नोकरीवाले’. या ‘फक्त’मधून जो उरतो तो बेल दाबतो.

“गाव कोनतं?”

“बाळापूर.”

“बाळापुरात कोनीकडं?”

हा प्रश्न भूगोलाचा नसतो. बाळापुरातला मोहल्ला कळला की अर्ध्या घरांत चौकशी तिथंच संपते. उरलेल्या अर्ध्यांत पुढचा प्रश्न येतो, आडनावाचा. आडनाव कळलं की काकूंना आठवतं, की पुतण्या येणार आहे राहायला, खोली दिवाळीपर्यंत लागते. वऱ्हाडात पुतणे फार. दर जुलैत ते सगळे एकदम येणार असतात आणि नंतर एकही येत नाही.

यातूनही एखादा पार होतो. आडनाव चालतं, किंवा काकाजी खरोखरच भले असतात. असे आहेत, नाही म्हणू नये. भाडं दोन हजार ठरतं, एका महिन्याचं डिपॉझिट, लाईटचं मीटर वेगळं, रात्री दहाच्या आत घरी. पोरगा गादी आणतो, बादली आणतो. मग दोन दिवसांनी दबकत दबकत म्हणतो,

“काकाजी, थोडा भाडेकरार करून द्या ना. अन् लाईटबिलाची झेरॉक्स.”

“काहून? तुले शिकाचं हाय का खोली नावावर कराची हाय?”

“योजनेत लागते. राह्यतो त्याचा पुरावा.”

“मंग त्याईले सांग, मी नाई देत. आज कागद देतो, उद्या टॅक्सवाला येईन. परवा इनकम टॅक्सवाला येईन. अन् तेरवा तूच म्हनशीन, घर माह्यं हाय!”

भाडं मात्र रोख, एक तारखेला, न चुकता. पैसा चालते, कागद नाई.

काकाजींच्या तीन भुतांपैकी पहिलं थोडं खरं आहे. भाडेकरू दिसला की घरपट्टीचा आकडा हलतो. दुसरं भूत निव्वळ हवेतलं. वर्षाच्या चोवीस हजारांसाठी आयकरवाला गोरक्षण रोडच्या गल्लीत शिरेल, एवढा मान आपला कोणी ठेवत नाही. तिसरं भूत कब्जाचं. ते सगळ्यात जुनं, आणि त्यालाच घाबरून काकाजी नेमकं उलटं करून बसतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याचं कलम 55 सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पुढची मेख ऐका: लेखी करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरायच्या, मालक उलट सिद्ध करेपर्यंत! म्हणजे कागद न देऊन काकाजींनी स्वतःच्या घराची किल्ली पोराच्या जिभेवर ठेवली. उलट अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स केला असता तर कलम 24 त्यांच्याच बाजूनं उभं राहतं. मुदत संपली की खोली सोडायची, नाही सोडली तर दुप्पट दरानं भरायचं. कागदात पोराच्या हिताच्या ओळी मोजक्या, मालकाच्या हिताच्या भरपूर. पण शेजारच्या देशमुखांच्या साडूच्या मित्राचं घर 1985 साली कोणीतरी बळकावलं होतं, त्यापुढं विधिमंडळाचा कायदा काय टिकणार?

सरकारही कमी नाही. महापालिका हद्दीत असा करार नोंदवायची फी एक हजार रुपये, शिवाय पाव टक्का मुद्रांक. जिल्ह्याच्या दरानं राहण्यापोटी महिन्याला देते हजार आणि तो पुरावा नोंदवून द्यायला घेते हजार. एका हातानं वाढायचं, दुसऱ्या हातानं ताट ओढायचं. शपथपत्रांची आणखी वेगळी जत्रा. मी स्थानिक रहिवासी नाही याचं शपथपत्र, मी कुठल्याही वसतिगृहात नाही याचं शपथपत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, 2004 पासून. पण हे टायपिंगच्या टेबलापलीकडच्या माणसाला एकोणीस वर्षांच्या पोरानं पटवून सांगायचं! तिथं ‘स्टॅम्प आन’ म्हटलं की आणायचा.

मग कागद येतो कुठून? येतो, आपल्याकडे कागदाची कमतरता कधीच नव्हती. मामाच्या ओळखीचा कोणी जठारपेठेत राहतो, तो सही देतो. पोरगा झोपतो कौलखेडला, राहतो जठारपेठेत. पडताळणीला कोणी आलाच तर दोन्ही ठिकाणी सापडत नाही. भाड्याची पावती न देणारा मालक सज्जन नागरिक, आणि त्याच्यापायी खोटा पत्ता लिहिणारा पोरगा लबाड लाभार्थी! पुन्हा वर म्हणायला आपण मोकळे, की ‘योजनेत लय बोगस हायेत’.

बरं, एवढं करून हप्ता एक तारखेला येतो का? काकाजी एक तारखेला दारात उभे असतात. सरकार आधी हजेरी पाहतं, पंच्याहत्तर टक्के. मग निकाल पाहतं. मग निधी पाहतं. स्वाधारचा हप्ता थकला म्हणून विद्यार्थ्यांनी निवेदन दिलं, धरणं धरलं, ही बातमी आता इतकी नेमानं येते की शेतीच्या पानावरच्या हवामानासारखी वाचून पुढं जातो माणूस.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजून खट्टू होऊ नका. अमेरिकेत 1974 पासून ‘सेक्शन आठ’ नावाची सोय आहे. गरीब कुटुंबाला सरकार व्हाउचर देतं. कुटुंबानं उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भाडं स्वतः भरायचं, वरचं सरकार थेट घरमालकाला देतं. थेट मालकाला! तरीही तिकडचे काकाजी जाहिरातीत लिहितात: सेक्शन आठवाल्यांनी येऊ नये. काही राज्यांनी असं नाकारणं बेकायदा ठरवलं, तर काकाजींना तिथंही पुतणे आठवू लागले. घर शोधायला मुदत मिळते, किमान साठ दिवसांची. तेवढ्यात मिळालं नाही आणि मुदत वाढवून मिळाली नाही, तर व्हाउचर गेलं. आपल्या केंद्र सरकारनंही 2015 च्या शहरी भाडे-घरांच्या धोरणाच्या मसुद्यात भाड्याच्या व्हाउचरची भाषा केली होती. मसुद्यांना मात्र घर लवकर मिळतं, कपाटात.

आता योजनेवर ज्यांचं नाव आहे त्यांची गोष्ट. 1917 साली डॉ. आंबेडकर अमेरिकेतून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शिष्यवृत्ती बडोदे संस्थानची, नोकरी बडोदे संस्थानची, आणि राहायला खोली नाही. शेवटी पारशी म्हणून नाव लावून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दाराशी आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला लावली. ज्या मित्रांकडे विचारलं त्यांनी गोड बोलून कटवलं. उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढून रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला परतले. सरकारनं शिकायला पैसा दिला, पण छप्पर ज्याचं त्यानं शोधावं, हीच तेव्हाची अडचण होती. शंभर वर्षांनी त्याच माणसाच्या नावानं योजना काढली आणि अट घातली, की छप्पर ज्याचं त्यानं शोधावं. हे सुचायला मंत्रालयच लागतं.

वऱ्हाडाला खरं तर हे शिकवायची गरज नव्हती. पंजाबराव देशमुखांनी 1920 च्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या पोरांसाठी. शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या माणसांनी आधी छप्पर पाहिलं, मग बाकीचं. आपण त्यांचे पुतळे चौकात बसवले. पुतळ्याला आडनाव विचारावं लागत नाही.

टीका पुष्कळ झाली, आता एक फुकटचा सल्ला. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी अर्ज येतात. मंजूर झालेल्या अर्जाला राहत्या जागेचा पुरावा जोडलेला असतो: घरमालकाचं नाव, पत्ता, सही. म्हणजे आपल्या शहरात सरकारी योजनेच्या पोराला कागद देणारे घरमालक कोण, याची यादी करायची गरजच नाही. ती यादी फायलींत पडली आहे, धूळ खात! त्या मालकांना एक पत्र टाकायचं, तुमचं नाव नव्या पोरांना सांगितलं तर चालेल का म्हणून. होकार आला तेवढी नावं जूनमध्ये प्रत्येक कॉलेजच्या फळ्यावर लावायची. खर्च, खडूचा. खोटे पत्ते देणारे या पत्राला होकार द्यायचे नाहीत. तेवढी चाळणी आपोआप झाली. सोबत या पोरांच्या करारापुरती नोंदणीची हजाराची फी माफ करायची. आणि पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी द्यायचा, निकालानंतर नव्हे. भाडं निकालासाठी थांबत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या बाळापूरकरांना सांगतो. अकोल्यात तुमच्यापैकी कितीतरी जणांची घरं आहेत. मोठ्या उमरीत, खडकीत, डाबकी रोडला प्लॉट घेतले, वरचा मजला चढवला, खोल्या भाड्यानं दिल्या. बाळापुरात कोणतं पोट्टं कुठल्या गल्लीतलं, हे तुम्हाला विचारावं लागत नाही, तोंड पाहून कळतं. त्यातलं एखादं येत्या जुलैत तुमच्या दारात येईल. भाडं बाजाराप्रमाणं घ्या, लाईटचं वेगळं घ्या, रात्री दहाची अटही ठेवा. फक्त अकरा महिन्यांचा करार करा, नोंदवा, आणि लाईटबिलाची झेरॉक्स द्या. दोन रुपये लागतात, तेही तो देईल.