खोपोलीची एकच तोटी

खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात परचेसच्या साहेबांकडे परवा चहा प्यायलो. टेबलावर एक रबरी सील होतं, तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढं. ते एकाच माणसाकडून येतं. "दोन वेंडर ठेवले की दोघंही मोजत नाहीत," साहेब म्हणाले. "एकच ठेवला की घरचा होतो."

घरचा माणूस चार दिवस फोन उचलत नव्हता. लाइन बंद होती, कामगार झाडाखाली पत्ते कुटत होते, आणि दुसरा वेंडर तीन वर्षांपासून 'डेव्हलप' होत होता.

साहेबांनी जपानचा दाखला दिला. असे दाखले अर्धेच देतात, उरलेला मी देतो. टोयोटाच्या ब्रेकमधला एक व्हॉल्व्ह जवळपास सगळाच आयसिन या एका कंपनीकडून यायचा. 1 फेब्रुवारी 1997 ला पहाटे तिच्या कारियातल्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइनी थंड पडल्या. आठवडाभरात गाडं रुळावर आलं, कारण बाकीचे पुरवठादार हातातलं टाकून धावले. शिलाई मशीनवाली ब्रदरसुद्धा व्हॉल्व्ह करू लागली. म्हणजे घरोबा कामी आला, पण भावकीचा. आपल्याकडे भावकी उगवते ती तेराव्याला.

तरी साहेबांना बोल कसा लावू? आमचा मुलूखच एका तोटीवर. टाटांनी 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू केलं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. लोणावळ्याकडचं, एरवी इंद्रायणीतून भीमेला गेलं असतं ते पाणी नळांतून घाटाखाली उतरवलं, त्यावर चाकं फिरवली आणि काम झाल्यावर पाताळगंगेत सोडून दिलं. पावसाळ्यापुरती नदी बारमाही झाली. भर उन्हाळ्यात रसायनीचे कारखाने त्यावरच तगतात. तिकडे कर्जतला भिवपुरीच्या वीजघराचं असंच उष्टं पाणी राजनाल्याला मिळालं, म्हणून उन्हाळी भात. मुंबईकराने एसीचं बटण दाबावं आणि इथे आमच्या नदीला चार बोटं पाणी चढावं! त्याला कोणी आभाराचं पत्र पाठवल्याचं ऐकिवात नाही.

"साहेब, पाण्याला दुसरा वेंडर कोण?"

"आहे की! पाऊस."

मी खिडकीतून घाटमाथ्याकडे पाहिलं. टाटांच्या धरणांचा वेंडरही तोच. साहेबांनी घरच्या माणसाला पुन्हा फोन लावला. रिंग जात होती.