साहेब, पहिल्यांदाच झालंय!

पुणे-नाशिक महामार्गावर वेग ही अलीकडची चैन आहे. बाह्यवळणं होण्याआधी चाकणपासून आळेफाट्यापर्यंतच्या प्रवासाला प्रवासवर्णनकार लागतच नसे, पंचनामा लिहिणारा तलाठी पुरत असे. चाकणच्या तळेगाव चौकात तास, राजगुरुनगरला भीमेच्या पुलावर अर्धा तास, खेड घाटात बसलेल्या ट्रकमागे देव जाणे किती, मग मंचरचा बाजार, मग नारायणगावात टोमॅटोचे क्रेट लादलेले टेम्पो. त्या काळात ज्यांनी या रस्त्यावर गाडी हाकली त्यांच्या नावावर वेगाचा एकही गुन्हा नाही. याचं श्रेय त्यांच्या संयमाला द्यायचं की पुढे डुलत चाललेल्या उसाच्या ट्रॉलीला, हे ठरवणं अवघड. आता घाटाला बायपास झालाय, मंचर-नारायणगाव बाजूला राहून जातात, रस्ता मोकळा दिसतो, पाय आपोआप दाबला जातो आणि चार दिवसांनी मोबाइल वाजतो. चलनातला फोटो निरखून पाहण्यासारखा असतो: गाडीची पाठ, मागच्या काचेवर 'आई-वडिलांची कृपा', कोपऱ्यात मोठी करून दाखवलेली नंबरप्लेट, आणि मर्यादा किती नि वेग किती याचे दोन आकडे. पहिली प्रतिक्रिया रागाची, दुसरी 'गाडी मी चालवतच नव्हतो' ही, आणि तिसरी काकुळतीची: "आजवर एकही चलन नाही हो माझ्यावर. पहिल्यांदाच झालंय, एवढ्या वेळेस सोडा." या तिसऱ्या वाक्याला लोक हसतात. माझं म्हणणं असं की हसू नये. त्या वाक्यात न्यायाचा मुद्दा आहे. फक्त तो चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या सुरात आणि बहुतेकदा पुराव्याशिवाय मांडला जातो.

पूर्वी हे वाक्य म्हणायला समोर निदान माणूस असे. "कुठले तुम्ही?" "कळंबचे." "कळंबात कोणाचे?" इथून पुढच्या दोन मिनिटांत दंडाचा विषय मागे पडून सोयरीक पुढे येई, आणि गाडी कोणाची, आत्याचे दीर कोण, सरपंचांशी बोलणं कधी झालं, या वाटेने प्रकरण चहापर्यंत पोचे. या दरबारात स्वच्छ नोंदीला काडीची किंमत नव्हती. वीस वर्षं नियम पाळलेला परगावचा शिक्षक पावती घेऊन जाई आणि रोज नियम मोडणारा गावचा पुतण्या हात उंचावून पुढे निघे. रस्त्यावरच्या मामांना भाचे फार होते. कॅमेऱ्याला नात्यागोत्याचं कोणी नाही, तो पुतण्याचाही फोटो काढतो, हा ई-चलनाचा मोठा गुण मान्यच केला पाहिजे. पण ओळखीबरोबर माणसाची पारखही गेली. मर्यादेपेक्षा आठ किलोमीटरने पुढे गेलेला जुना, सरळ चालक आणि तीस-चाळीसने पुढे गेलेला अट्टल चालक, दोघांच्या मोबाइलवर एकाच साच्यातला संदेश येतो.

कायद्यालाही हा फरक कळतो, पण एकाच बाजूने. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे, आणि हाच गुन्हा दुसऱ्यांदा घडला तर परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. धोकादायक वाहन चालवण्याबद्दलचं कलम १८४ तर मागच्या तीन वर्षांत असाच गुन्हा घडला होता का, हे विचारून शिक्षा वाढवतं. म्हणजे सरकारला चालकाचा इतिहास वाचता येतो. वाईट असला तर चष्मा लावून वाचतं, चांगला असला की चष्मा सापडत नाही. गंमत अशी की सगळ्या फौजदारी कायद्याची रीत याच्या उलट आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ३ सांगतं की चोरी-फसवणुकीसारखे काही ठरावीक गुन्हे, किंवा दोन वर्षांपर्यंतची कैद वा नुसता दंड असलेला गुन्हा, यांत आरोपीवर पूर्वीची शिक्षा सिद्ध नसेल तर न्यायालय त्याला समज देऊन सोडू शकतं. पहिल्यांदा चोरी करणाऱ्याला ही वाट खुली, मग पहिल्यांदा वेग वाढवणाऱ्यालाच ती का नको? कलम १८३ मध्ये किमान रक्कम घातली आहे, त्यामुळे ही वाट तिथे लागू पडते का यावर वकील मंडळी घोडेगावच्या कोर्टाच्या आवारात दुपारपर्यंत वाद घालू शकतील. मला इथे त्यामागचं तत्त्व हवं आहे, आणि ते आपल्या कायद्यात साठ-पासष्ट वर्षं बसलेलं आहे.

आणि सूट देणं सरकारच्या जिवावर येतं, असंही नाही. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाक्यांच्या थकलेल्या दंडावर पंचाहत्तर टक्के सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पन्नास टक्के दिली, तेव्हा बंगळुरूत लोक दंड भरायला रांगा लावून उभे होते. आपल्याकडे राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की थकीत चलनांच्या तडजोडीच्या नोटिसा फिरू लागतात. याचा अर्थ नीट लावून पाहा. ज्याने बारा चलनं थकवली त्याला सवलत. ज्याला आयुष्यात एकच चलन आलं आणि त्याने ते संध्याकाळच्या आत भरलं, त्याला पूर्ण रक्कम आणि वर संगणकाने छापलेले आभार. याच हिशेबाने बँक चालवली तर मंचरच्या पेठेत एकही कर्जदार हप्ता भरणार नाही.

स्वच्छ नोंदीला सवलत द्यावी, यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. नोंद स्वच्छ म्हणजे चालक स्वच्छ, हे कोणी सांगितलं? या मुलखात तर नोंद स्वच्छ असण्याची निम्मी कारणं रस्त्याचीच आहेत, हे सुरुवातीलाच कबूल केलं आहे. शिवाय जुन्नर तालुक्यात येणारा पाहुणा पापभीरू असला तरी घाईत असतो. अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री हे दोन इथेच आहेत, आणि दीड दिवसात आठही गणपती उरकायचे असा बेत आखून निघालेली गाडी श्रद्धेच्या वेगाने धावत नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर वेगमर्यादा गुडघे ठरवतात. तिथे गेलेला वेळ ओझरच्या रस्त्यावर भरून काढला जातो. ओझरचा विघ्नहर संकटं दूर करतो ही भाविकांची श्रद्धा आहे, पण कलम १८३ त्याच्या अखत्यारीत येत असल्याचं कोणत्याही माहात्म्यात ऐकलेलं नाही.

'यंत्रच चुकलं असेल' हा बचावही नारायणगावच्या टप्प्यात शोभत नाही. शेजारी खोडदला जीएमआरटी आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. दूरच्या आकाशगंगेतला हायड्रोजनचा ढग आपल्याकडे येतोय की लांब जातोय आणि किती वेगाने, हे तिथले शास्त्रज्ञ लहरींच्या लांबीत पडलेल्या फरकावरून ओळखतात. १८४२ साली डॉप्लरने मांडलेलं हेच तत्त्व रडारवाल्या स्पीडगनमध्ये आहे. जे शास्त्र आकाशगंगेचा वेग पकडतं त्याला आपली गाडी चुकत नाही. (याच दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून ताशी दोनशे किलोमीटरने धावणाऱ्या पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्ग बदलावा लागला. थोडक्यात, या तालुक्यात कायदेशीरपणे सुसाट जाण्याची एकच सोय होऊ घातली होती, तीही गेली.)

तरीही आक्षेपाचं उत्तर आहे, आणि ते कॅमेऱ्यातच आहे. जुनी स्वच्छ नोंद पुराव्याअभावी स्वच्छ होती हे खरं. पण महामार्गावर कॅमेरे बसल्यानंतरची नोंद पुराव्यासकट स्वच्छ असेल. जो चालक वर्षानुवर्षं कॅमेऱ्यांखालून गेला आणि एकदाही सापडला नाही, त्याची पाटी नशिबाने कोरी राहिलेली नाही. इटलीत हे हिशेबात धरतात. तिथे परवान्यावर वीस गुण मिळतात, चूक झाली की कापले जातात, आणि दोन वर्षं निष्कलंक गेली की दोन गुण वाढतात, तीसपर्यंत. ब्रिटनमध्ये मर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्याला, त्याने मागच्या तीन वर्षांत असा वर्ग केलेला नसेल तर, दंडाऐवजी काही तासांच्या वर्गात बसायचा पर्याय देतात. वर्गाचे पैसे मात्र त्यालाच भरावे लागतात. ही दोन्ही राष्ट्रं आपल्यापेक्षा दयाळू आहेत म्हणून नव्हे, त्यांनी चांगल्या नोंदीचाही हिशेब ठेवला म्हणून तिथे हे चालतं.

दुसरा आक्षेप भौतिकशास्त्राचा, आणि त्याच्यापुढे मान तुकवावी लागते. ताशी ८० ऐवजी १०० ने दहा किलोमीटर गेलं तर नव्वद सेकंद वाचतात. नारायणगावला चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो. त्या नव्वद सेकंदांसाठी धडकेची ऊर्जा दीडपटीच्या वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि समोर काय येईल हे या मुलखात सांगता येत नाही. ज्यांच्या शेतातून बायपास गेला त्यांचं घर रस्त्याच्या एका अंगाला आणि विहीर दुसऱ्या अंगाला राहिली आहे. गळितात भीमाशंकर नि विघ्नहर कारखान्यांकडे निघालेल्या, मागचा दिवा गेलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. उसातून निघालेला बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण महामार्गावर गाडीखाली आलेल्या बिबट्याला केंद्रापर्यंत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा सवलतीला कुंपण हवं: मर्यादेपेक्षा फार तर दहा किलोमीटर जास्त, घाटात नाही, गावच्या तोंडाशी नाही, शाळेपाशी नाही, बिबट्याच्या चित्राच्या फलकाखाली तर मुळीच नाही. आणि ती एकदाच, लेखी समज म्हणून, नोंदीत राहील अशी. पुढच्या वेळी हीच समज पहिला गुन्हा म्हणून मोजावी.

कोणी म्हणेल, या मातीलाच वेगाचं वेड, तिथे समजेने काय होणार? आंबेगाव-जुन्नरच्या जत्रांत बैलगाडा शर्यतीचा घाट सेकंदांवर जिंकला जातो, पुढे घोडी, मागे गाडा, आणि बारी कितीत मारली यावर वर्षभर गप्पा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे थांबलं, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पण याच उदाहरणातून मला उलटं दिसतं. शर्यतीच्या घाटात वेगाला मैदान आहे, वेळ मोजणारा आहे आणि कडेला दोर आहे. ज्या लोकांनी सात-साडेसात वर्षं कोर्टाचे उंबरे झिजवून आपली शर्यत नियमांच्या चौकटीत बसवून घेतली, त्यांना नियम कळत नाहीत असं म्हणणं धाडसाचं आहे.

राहता राहिला सवलतीचा अर्ज. स्वच्छ नोंदीचा दाखला मागण्याची या भागाला जुनी ओळख आहे. ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली आणि रेड्याने वेद म्हटले तेव्हा काम झालं, अशी कथा आहे, आणि त्या रेड्याची समाधी याच महामार्गाजवळ आळ्याला आहे. इतकी तगडी साक्ष आपल्याला मिळणार नाही, म्हणून कागद नीट करावा. चलनावर हरकत महाट्रॅफिक ॲपवर नोंदवता येते. अर्जात सासऱ्यांचं पद लिहू नये, 'गाडी उतारावर होती' लिहू नये, आजारी नातेवाईक खरोखर आजारी असेल तरच घालावा. वेग किती होता तो आकडा आपणच आधी मान्य करावा आणि आजवरच्या नोंदीचा उतारा जोडावा. केंद्रीय मोटार वाहन नियमातला २०२१ चा नियम १६७-अ वाचून ठेवावा. त्यात कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारा फलक लावणं, यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र असणं आणि घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस धाडणं या अटी आहेत. त्यातली एखादी पाळली गेली नसेल तर तो दयेचा नव्हे, हक्काचा मुद्दा आहे, आणि तो वेगळ्या परिच्छेदात लिहावा. दोन्ही एकत्र कालवले की वाचणाऱ्याला तुमची नम्रताही खोटी वाटते आणि हक्कही.

परिवहन खात्याला विनंती एवढीच: थकबाकीदारांसाठी जी तडजोड चालते, तिच्या शेजारी पहिल्या चुकीसाठी समजेचा एक रकाना उघडा. आणि अर्जदारांनो, अर्ज नामंजूर झाला तर दंड त्याच आठवड्यात भरून टाका. लोकअदालतीची वाट पाहू नका. तिथे रक्कम कमी होईलही, पण मग तुमची नोंद थकबाकीदारांच्या यादीत जाईल आणि 'पहिल्यांदाच' म्हणायची सोय कायमची बंद होईल.