पचमढीला गेले आणि खुर्चीत बसले

ऐकलंत का? आपल्या भंडाऱ्याची मंडळी हल्ली पचमढीला जातात आणि काही म्हणता काही बघत नाहीत! म्हणजे बघतात, पण माणसं. धानाचं रोवणं आटोपलं की निघायचं, दुपारचं जेवण उरकून बाजारातल्या चहाच्या टपरीसमोर खुर्च्या ओढायच्या, हातात भाजलेलं कणीस घ्यायचं आणि दिवेलागणीपर्यंत हलायचं नाही. अहो, माणसंच बघायची होती तर आपला त्रिमूर्ती चौक काय ओस पडला होता? तिथे फुकटात दिसतात, वर कोण कुणाचा साळा तेही ठाऊक असतं.

पूर्वी पचमढी म्हणजे महादेव. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचा. नागपंचमीच्या आधी नागद्वारीची वाट तुडवायची. ती एरवी वाघांच्या जंगलात बंद, यात्रेपुरतीच उघडते. पाऊस, चिखल, निसरडे दगड, पण पाय सुजले तरी कुणी 'रिलॅक्स' म्हणून बूड टेकवलं नाही. आता तेच यात्रेकरू गुडघाभर चिखल घेऊन परतताना दिसावेत म्हणून हे लोक खुर्चीवर रुमाल टाकून जागा अडवतात. कुठे फेडतील हे पाप!

साहेबाचं एक वेळ समजू शकतं. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाई, आणि भंडारा त्याच प्रांतातला. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशातच होतो की. म्हणजे आपला कारभारही तिकडे हवा खाऊन आलेला. पण कामाच्या नावाखाली! यांना तेवढंही निमित्त लागत नाही.

धूपगडाचं नाव काढा. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, साडेतेराशे मीटर, सूर्यास्ताला जिप्सींची रांग. तर म्हणतात, "सूर्य का गा, वैनगंगेच्या पुलावरूनही बुडते!"

आणि बघतात तरी काय? साडीवर गुलाबी प्लास्टिकचा रेनकोट चढवलेल्या काकू. टोपी आत, पदर बाहेर, आणि पदरातून पाणी ठिबकतंय. भर पावसाळ्यात माकडटोपी घातलेले आजोबा. एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेलं अख्खं खानदान, त्यात जावई तेवढा निळ्या शर्टात. म्हणजे रुसलाय, असा निकाल इकडे खुर्चीतून लागतो. जिप्सीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करून शेवटी पहिल्याच भावाला तयार झालेले काका, आणि 'मी यांच्यासोबत नाही' अशा तोंडाने दुकानातल्या बांगड्या न्याहाळणारी त्यांची बायको. एवढ्यात माकडाने कुणाच्या तरी हातातलं कणीस पळवलं की "अगा पाय, पाय!" असा गलका. त्या बिचाऱ्याला कणीस गेल्याचं दुःख नाही, इतक्या लोकांनी पाहिलं त्याचं.

पोरंसोरंही बिघडली. बी फॉलला चल म्हटलं तर म्हणतात, "आई, त्या पिवळ्यांचं भांडण मिटू दे ना."

मला विचाराल तर कुणीतरी यांना चांगलं खडसावलं पाहिजे. मला कसं एवढं ठाऊक? अहो, मी आपली घोटभर चहाला थांबले होते. खांबाजवळची ती खुर्ची बरी, दोन्ही रस्ते दिसतात. जाल तर बाराच्या आत पोचा. नंतर साकोलीवाले येऊन बसतात ते उठतच नाहीत.