सगळं धरून काका

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. 1 मे 1999 ला परभणीतून फुटून जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वाटणीत सिद्धेश्वर धरण आलं, औंढ्याचा नागनाथ आला, नामदेवांची नर्सी आली, उन्हाळ्यात दिसेल न दिसेल अशी कयाधू आली. समुद्र मुळात परभणीकडेच नव्हता, तर मागायचा कुणाला? हिंगोलीच्या लेकरांनी पाहिलेलं जहाज म्हणजे दसऱ्याच्या प्रदर्शनात रामलीला मैदानावर हवेत झुलतं ते. त्याला कोलंबस म्हणतात आणि त्यात बसून पोटातलं पाणी तेवढं हलतं.

तरीही मुंबई-गोवा जहाजाचा आजचा दर काय, लक्षद्वीप धरून किती आणि बाल्कनीच्या खोलीला किती जादा, हे तोंडपाठ असलेला एक माणूस जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत सापडतो. सेनगावात तो निवृत्त गुरुजी असतो, वसमतला खताचा दुकानदार, कळमनुरीत बँकेतून बाहेर पडलेला कॅशियर. आमच्या गल्लीतला अडतीवरचा जुना मुनीम आहे. गाव त्याला ‘सगळं धरून काका’ म्हणतं, आणि काकांनाही ते ठाऊक आहे.

पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, खिशाला दोन पेनं. निळं लिहायला आणि लाल कापायला. कुणी काशीहून आलं की लोक दर्शन कसं झालं ते विचारतात. काका विचारतात, “सगळं धरून किती पडलं?” लग्नाच्या पंगतीत बसले की पहिल्या घासाआधी यजमानाच्या कानाला लागतात, “ताट कितीला? गोड धरून का?” शेजारचे आबा नांदेडहून हृदयाचं ऑपरेशन करून आले. सगळे फळं घेऊन गेले, काकाही गेले. केळी ठेवली, तब्येतीला हात जोडले आणि हळूच म्हणाले, “पॅकेजमधी केलं का, आबा? स्टेंट धरून का वगळून?”

नर्सीहून आषाढीला पालखी निघते, तिच्यात चालणारा वारकरी दिंडीला भिशी भरतो. जेवण, चहा, तंबूत पथारी, सामानाला ट्रक. काकांनी एका दिंडीच्या विणेकऱ्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, “एकादशीला फराळ असतो, मग त्या दिवसाचं जेवण वजा करता का?” विणेकरी भला माणूस. त्याने काकांच्या पाया पडून विषय मिटवला.

हा स्वभाव कुठून आला, हे कळायला मोंढ्यात जायला हवं. काकांची उमेदीची वर्षं हळदीच्या सौद्यात गेली. संत नामदेव हळद मार्केट यार्डात सौदा पुकारला की शेतकरी आकडा ऐकून मनात घर बांधायला लागतो. मग वजन होतं, हमाली येते, तोलाई येते, ओल निघाली तर भाव तुटतो, मंडा वेगळा आणि कांडी वेगळी निघते. शेवटी हातात हिशेबाची पट्टी पडते आणि त्या घराची एक खोली कमी झालेली असते. पुकारलेला भाव आणि पट्टीवरची रक्कम यांच्यामधलं सगळं आयुष्यभर काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अशा माणसापुढे पेपरातली पान भरून आलेली सहलीची जाहिरात ठेवा. निळ्याशार पाण्यावर पांढरं जहाज, वर ‘ऑल इन्क्लुसिव्ह’, आकड्यापुढे ‘पासून’ आणि त्या ‘पासून’च्या डोक्यावर डाळीएवढी चांदणी. काका जहाजाकडे बघतसुद्धा नाहीत. चांदणी पानाच्या तळाशी कुठे उतरलीय ते आधी शोधतात.

मागच्या हिवाळ्यात एका अडत्याचा मुलगा लग्नानंतर फिरायला जायचं म्हणून मोबाइल घेऊन काकांकडे आला. मी तिथेच होतो.

“काका, सेकंड पॅसेंजरला पन्नास टक्के ऑफ द्यायलेत. चार तास राह्यलेत म्हणे.”

“हे चार तास दिवाळीपासून चालू हायेत,” काका म्हणाले. “बस. कागद काढ.”

“समज, दर माणशी 20,000,” काकांनी निळ्या पेनने आकडा टाकला. “दर माणशी म्हंजे खोलीत दोघं झोपायचे, या बोलीवर. तू एकटा गेलास तरी खोली पुरीच लागती, मग दुसऱ्याचंबी बरंच तूच भरणार. आता दुसऱ्याला निम्मे. झाले 30,000. म्हंजे माणशी 15,000. मग जाहिरातीत पंधराच का नाही लिहिले? कारण पंधरा लिहिले तर ऑफर कशाची?” पोराने मान डोलावली. “आता हे पन्नास टक्के फक्त भाड्याला. बंदराचा कर निम्मा होत नाही, सर्व्हिस चार्ज निम्मा होत नाही, जीएसटी तर वरून वेगळाच.” लाल पेन चालू झालं. “लेकरं फुकट म्हणतेत, तिथंबी हेच. भाडं फुकट, कर चालू.”

“आमाला लेकरं कुठंयत, काका?”

“होतील. हिशेब आधी शिकून ठेव.”

मग खोली. सर्वांत स्वस्त ती इंटिरियर, म्हणजे खिडकी नसलेली. काकांचं यावर एक मत नाही. एकदा ते म्हणतात, समुद्र बघायला पैसे मोजून जायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचं, हा कुठला न्याय? दुसऱ्यांदा म्हणतात, रात्री डोळे मिटल्यावर बाल्कनीचं भाडं कोण वसूल करणार? दोन रात्री-तीन दिवस या हिशेबावर मात्र ते ठाम आहेत. पहिल्या दिवशी संध्याकाळी जहाज सुटणार, तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून उतरवणार. “तीन तारखा भरतेत, दिवस तीन भरत नाहीत,” हे त्यांचं वाक्य गावात सुभाषितासारखं फिरतं.

जेवणात काय धरलंय? बुफे धरलाय. काकांनी तिथेही पोटभेद काढला. मोठ्या हॉलातलं जेवण धरलेलं असतं. त्याच मजल्यावर कोपऱ्यात पांढऱ्या टेबलक्लॉथचं जे हॉटेल असतं, ते धरलेलं नसतं. दारू बहुधा वेगळी. वायफाय वेगळं. जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागतं, तिथून किनारा बघायचा तर गाडी वेगळी. जहाजावर रोख पैसा चालत नाही, गळ्यात एक कार्ड अडकवतात. ते दाखवायचं, सही करायची. “सही करताना माणसाला दुखत नाही,” काका म्हणाले, “निघताना पट्टी हातात पडली की दुखतं.”

खरं सांगायचं तर इथे काका धंद्याच्या मर्मावरच बोट ठेवतात. जगभरच्या क्रूझ कंपन्यांच्या कमाईचा मोठा हिस्सा माणूस वर चढल्यानंतर येतो. कॅसिनो, बार, स्पा, दुकानं, किनाऱ्यावरच्या सहली. म्हणून चढायचं तिकीट शक्य तेवढं हलकं दिसायला हवं असतं. बाहेरदेशच्या कित्येक जहाजांवर मद्याचं पॅकेज एकाने घेतलं तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. हे कळलं तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “म्हंजे मी माळकरी, आणि शेजारच्या बिछान्यावरला प्यायला म्हणून मीबी भरायचं?” नंतर दोन दिवस ते याच विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांना आपली माळ ही सवलत असल्याचा साक्षात्कार झाला. आता ते अभिमानाने सांगतात, “दारू वगळून जो दर, तो आपला दर.” परदेशी सहलीवर 1 ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस नावाचा कर कापतात, तो विवरणपत्र भरल्यावर जमेस धरता येतो, हेही गावाला पहिल्यांदा काकांनीच सांगितलं. परदेशी गेलेलं त्यांच्या घरात कुणी नाही.

काकांची एक जाड फाइल आहे. 2018 मध्ये मुंबई-गोवा ‘अंग्रिया’ सुरू झाली, तेव्हाचं दरपत्रक तिच्यात सर्वांत खाली आहे. काका म्हणाले, नवीन आहे, भाव उतरू द्या. 2019 मध्ये ‘कर्णिका’ आली. काका म्हणाले, आता स्पर्धा झाली, दोघंही उतरतील. मग कोरोना आला. अंग्रियाच्या फेऱ्या थांबल्या, कर्णिका 2020 मध्ये अलंगला तोडायला गेली. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटायला लागली. काकांनी माहिती काढली तर हे जहाज 1990 मध्ये बांधलेलं आणि आधी रॉयल कॅरिबियनकडे चाललेलं. “जुनी गाडी, नवा रंग. घासाघीस करायला जागा हाय,” काका खूश झाले. एवढ्या काळात दोन जहाजांचा कारभार आटोपला आणि काकांचा विचार अजून चालूच आहे.

शेवटच्या आठवड्यात भाव पडतो, असा त्यांचा सिद्धांत आहे आणि तो चूक नाही. हळद गोदामात ठेवता येते, भाव नाही आला तर पुढच्या वर्षी विकता येते. जहाजाने धक्का सोडला की रिकाम्या खोलीला कवडीची किंमत उरत नाही, म्हणून कंपनी कधी कधी ऐनवेळी खोल्या उतरत्या दराने काढते. अडचण हिंगोलीची आहे. 2024 पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीहून सुटते, पण खोली स्वस्त होते त्या आठवड्यात गाडी वेटिंगवर गेलेली असते. शिवाय पहाटेची गाडी पकडून दुपार उलटल्यावर मुंबईत उतरणारा माणूस त्याच संध्याकाळचं जहाज गाठेल याची हमी कोण देणार? आदल्या दिवशी जायला हवं, एक रात्र मुंबईत काढायला हवी. मुंबईची ती एक रात्र काकांच्या कागदावर लाल पेनने इतकी मोठी लिहिलेली असते, की तिच्यापुढे गोवा दिसत नाही.

त्याहून मोठा घोळ हंगामाचा. साहेबांच्या देशात जानेवारी ते मार्च हा जहाजाच्या ऑफरांचा मोसम. तिकडे त्याला ‘वेव्ह सीझन’ म्हणतात. नेमकी तेव्हाच आमच्याकडे हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. अंग पिवळं, खिसा रिकामा. पट्टीचे पैसे हातात येतात तोवर उन्हाळा तापतो, शाळांना सुट्ट्या लागतात आणि दर आभाळाला भिडतात. पुढे पावसाळा. 2022 च्या पावसाळ्यात तर जहाजच चेन्नईला गेलं. “जहाजवाल्यांनी हळदीचं पंचांग बघून ऑफर काढायला पाहिजे,” असं काकांनी एका कंपनीच्या फोनवाल्या मुलीला बजावलं होतं. ती मुलगी म्हणाली, “सर, आय विल चेक.” तिने चेक करून परत फोन करावा म्हणून काका अजून अनोळखी नंबर उचलतात आणि क्रेडिट कार्ड नको म्हणून सांगतात.

या सगळ्यात काकू कुठे? काकू हळद शिजवण्यात. त्यांनी एकदाच विचारलं होतं, “माझ्या जिवंतपणी जहाज दिसंल का?” काका म्हणाले, “ऑफर येऊ दे.” गेल्या वर्षी काकूंचा भाऊ सहकुटुंब मुंबईहून जहाजाने गोव्याला निघाला. त्याने बहिणीला विचारलं. काकूंनी बचतगटातून साठवलेले पैसे मोजून दिले आणि गेल्या. काका गेले नाहीत. त्यांच्या मते पुढच्या आठवड्यात दर उतरणार होता. तो उतरला की नाही, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काकू परतल्या त्या संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. समुद्र कसा होता, डोकं गरगरलं का, रात्री लाटांचा आवाज येतो का, हे बायका विचारत होत्या. काकांनी हात पुढे केला. काकूंनी पिशवीतून खोलीच्या खर्चाची पट्टी काढून दिली. काका चष्मा लावून ती पोथीसारखी वाचू लागले आणि एका ओळीवर बोट थांबलं.

“हे काय?”

“आइस्क्रीम.”

“बुफेत नव्हतं?”

“होतं की. फुकटचंबी खाल्लं, हेबी खाल्लं.”

“मग हे कशाला?”

“वर छताला बसले होते. वारा सुटला होता. पोरगा ट्रे घेऊन आला, मी कार्ड दिलं.”

काकांनी लाल पेन काढलं, पट्टीवर टेकवलं आणि काहीच न लिहिता परत खिशाला लावलं. मग जरा वेळाने त्यांनी जे विचारलं ते गावाने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं: “कोणतं व्हतं? मँगो?”

“बटरस्कॉच,” काकू म्हणाल्या.

लोक काकांना चिक्कू म्हणतात, ते मला पटत नाही. चिक्कू माणूस स्वतःचा पैसा वाचवतो, काका दुसऱ्यांचा वाचवतात. त्यांच्या कागदावर हिशेब करून गेलेली आठ-दहा जोडपी तरी मी ओळखतो. सगळी मजेत जाऊन आली आणि निघतानाची पट्टी बघून एकालाही घेरी आली नाही. अडत्याचा तो मुलगाही गेला. आठवड्याच्या मधल्या वारांचा दर घेतला, मुंबईची रात्र मावशीकडे काढली, जहाजावरच्या कोपऱ्यातल्या हॉटेलाकडे बघितलं नाही. हे सगळं काकांचंच नियोजन होतं.

तेव्हा तुमच्याही मोबाइलवर ‘शेवटचे चार तास’ झळकत असतील, तर पैसे भरण्याआधी आमच्या गल्लीत एक चक्कर मारा. जाहिरातीचं पान सोबत आणा, खालच्या बारीक अक्षरांसकट. सल्ल्याचे काका काही घेत नाहीत. चहा मात्र तुम्हालाच सांगावा लागेल. तो यात धरलेला नाही.