मोकळेच आहात ना?

शेजारच्या काकूंचा बाळू अमेरिकेत एमएस करता करता विद्यापीठात टीए झाला. म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली पेपर तपासायचे, पोरांच्या शंका सोडवायच्या. बदल्यात फी माफ, वर दरमहा पैसे, आणि आठवड्याला 20 तासांच्या वर काम नाही. काकू गल्लीभर सांगतात, "बाळू युनिव्हर्सिटीत शिकवतो." मी नेट झालेला, पीएचडी झालेला, जालना जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. मला त्या हळूच विचारतात, "अजून सीएचबीवरच का रे?"

सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. भरती रखडल्यामुळे रिकाम्या पडलेल्या जागांवर आम्हाला बसवतात. बसवतात म्हणायचं आपलं, खुर्ची कुठली! आठवड्याला 9 तासिका. पदवीच्या तासिकेचा दर 625 होता, तो 900 झाला. यूजीसीने 2019 मध्येच 1500 सांगितले होते, पण दिल्लीहून निघालेलं परिपत्रक मराठवाड्यात पोचेपर्यंत दमतं. शिकवलं तर पैसे. दिवाळी, उन्हाळा, परीक्षा, यांचं आमच्याकडे काही नाही.

महिनाअखेर बिल भरायचं. तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला घटक, हजर विद्यार्थी, विभागप्रमुखांची सही. 'दासबोध' शिकवला तरी रकाना तेवढाच. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांना असलं बिल भरावं लागलं असतं, तर ग्रंथ विसाव्या दशकापर्यंत गेला नसता. सह्या होत होत बिल वर जातं. पैसे दिवाळीला येतात. कोणत्या दिवाळीला, ते विचारू नये.

खरी गंमत तासिकेच्या बाहेर आहे. तास संपवून डबा उघडावा, तर शिपाईमामा दारात. "सर, मोकळेच आहात ना? ऑफिसात बोलावलंय." नऊच तासिकांचा माणूस उरलेला आठवडा मोकळाच असणार, हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. मग एनएसएसच्या शिबिरात स्वयंपाक्याशी वाद घाला, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ आणा, सूत्रसंचालन करा ("तुमचा विषयच मराठी ना!"), परीक्षेला पर्यवेक्षण करा. आणि नॅक. कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती यायची म्हटली की फायली आमच्या अंगावर. वृक्षारोपणाचे फोटो जिओटॅग केलेलेच हवेत. एका फोटोत अक्षांश-रेखांश आले, पण प्राचार्यांचं डोकं कापलं गेलं. झालं, लावलेलं रोप उपटून त्याच खड्ड्यात पुन्हा लावलं. ते रोप अजून जगलंय. नऊ तासिकांवरच असावं बहुतेक.

बारावीचा निकाल लागला की प्रवेश मोहीम. मी आणि इतिहासाचे सर, तेही सीएचबीच, मोटारसायकलवर गावोगाव फिरतो. पेट्रोल आमचं, माहितीपत्रक कॉलेजचं. यंदा बदनापूरकडे एका शेतकऱ्याला बांधावर गाठलं. मुलीला बीएला घाला, पुढे नेट, पीएचडी, प्राध्यापक होईल, असं मी घसा कोरडा करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"सर, तुम्हाला महिन्याला किती सुटतात?"

इतिहासाचे सर आभाळाकडे बघू लागले. मी म्हणालो, "तासावर असतं ते. बिल निघालं की मिळतात."

"असं असं." त्यांनी रानाकडे बघितलं. "सरकी लावायला माणूस मिळंना बघा. रोजचा रोज, संध्याकाळी हातावर पैसे."

इतिहासाच्या सरांनी खिशातून पेन काढलं आणि माहितीपत्रकाच्या मागे त्यांचा नंबर लिहून घेतला.