नांदेडचा झाडू-उपचार

महासाथीनंतर आरोग्यव्यवस्था कशी उभारावी, यावर जगभर जाडजूड अहवाल निघाले. महाराष्ट्राने तो वेळ वाचवला. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालकं होती. लगोलग खासदार महोदय आले, त्यांनी निदान केलं आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करून घेतला. कॅमेरे होतेच, त्याशिवाय हा उपचार लागू पडत नाही.

ही पद्धत आता राज्यभर राबवावी. एमआरआय यंत्र बंद? विभागप्रमुखांनी फरशी पुसावी. औषधं बाहेरून आणावी लागतात? औषध भांडारपालाने जाळी-जळमटं काढावीत. परिचारिकांची पदं रिक्त? असलेल्यांनी दुप्पट झाडावं. निविदा नाही, खर्च नाही, आणि परिणाम त्याच संध्याकाळी टीव्हीवर. २०२०मध्ये आपण थाळ्या वाजवल्या तेव्हाही तिजोरीवर भार पडला नव्हता. (थाळ्या ज्याच्या त्याच्या घरच्या होत्या.)

अडचण एकच. खालच्या घाणीला वरचा माणूस जबाबदार, हा दंडक एकदा पडला की झाडू अधिष्ठात्यांपाशी थांबणार नाही. संचालक, सचिव, मंत्री असा जिने चढत तो मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर पोचायचा. म्हणून योजनेची व्याप्ती रुग्णालयाच्या आवारापुरतीच ठेवावी, ही नम्र सूचना.

बाकी, सरकारी आरोग्यखर्च २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करायचा, असं २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे. ते वर्ष उलटलं. झाडू पुरेसे आहेत.