दाराशी टोपली

न्यू हॅम्पशरच्या झाडीत मॅकडॉवेल ही कलावंतांची निवासी संस्था १९०७ पासून आहे. राहणं-जेवण फुकट. दुपारी जेवणाची टोपली स्टुडिओच्या दाराशी हळूच ठेवून जातात, कलावंताची तंद्री मोडू नये म्हणून. आमची तंद्री ‘अहो, गॅस संपला’ या हाकेने मोडते. तेव्हा अर्ज करणं आलंच. आधी एका लहानशा संस्थेत हात बसवून घ्यावा म्हटलं. ‘कलेमागची भूमिका’ तीनशे शब्दांत मांडताना कळलं, आपल्याला भूमिकाच नाही. नुसती चित्रं आहेत. मग भूमिका रचली. ‘अवकाश’ पाच वेळा, ‘विस्थापन’ तीनदा. (एकदा दोन्ही एकाच वाक्यात.) सहा महिन्यांनी नकार आला, अत्यंत प्रेमळ. वर्षभरात चित्र एकही नाही, भूमिका मात्र अकरा तयार आहेत. कुणाला हव्या असल्यास कळवा.